मधलं उत्तर कधी चुकत नाही

"माझ्या इमारतीत घे तुझी चाचणी! इथला एकेक माणूस माझ्या धाकात आहे!" हेडबाई म्हणाल्या, आणि सगळं बिनसायला तिथूनच सुरुवात झाली.

हेडबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्त शाळेतून झाल्या होत्या, स्वभावातून नव्हे. त्या काळी अख्ख्या इमारतीत टेलिफोन एकच, तोही त्यांच्याकडे. त्यामुळे कोणाची सून रुसली, कोणाचा जावई उद्या टपकणार, सारं आधी त्यांच्या कानावरून जायचं. जिन्यात कोणी मोठ्याने बोललं की वरून त्या नुसत्या खाकरायच्या, आणि चांगली केस पिकलेली माणसंसुद्धा एका रांगेत जिना उतरू लागायची!

त्यांची भाची एका आरोग्य संस्थेत लागली होती. नोकरी कच्ची. परदेशात तयार झालेली तब्येतीची एक प्रश्नावली तिने आपल्या भाषेत आणली होती, आणि ती इथल्या माणसांना चालते का, हे तपासायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं.

"एकदा विचारायचं आणि पंधरवड्याने पुन्हा तेच विचारायचं, आत्या. तब्येत तीच, तर उत्तरही तेच यायला हवं. तसं आलं तर प्रश्नावली भरवशाची. आणि हे नीट पार पडलं ना, तर मी कायम होणार!"

"हात्तिच्या! एवढंच ना?"

पहिली फेरी सुरू झाली. तळमजल्यावरच्या शिंपीकाकांना भाचीने विचारलं, "जड टेबल सरकवताना त्रास होतो का?"

"कुठे सरकवायचंय? अगं, सांग तर खरी!" असं म्हणत काकांनी कापड कापायचं टेबल असं काही रेटलं, की ते जाऊन दारातच रुतलं. भाचीला खिडकीतून बाहेर काढावं लागलं!

काकांच्या सुनेला प्रश्न होता, गेल्या महिन्यात किती वेळा आनंदी वाटलं? कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बहुतेक वेळा की सतत? सासूबाई शेजारीच मटार सोलत बसल्या होत्या. सुनेने त्यांच्या बोटांकडे पाहिलं. मटार सोलायचे थांबले होते.

"सतत!" सून म्हणाली.

मटार पुन्हा सुरू झाले.

पहिल्या मजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर. परदेशी कागदावर होतं, गोल्फ खेळताना दम लागतो का? भाचीने गोल्फ काढून तिथे 'अंगण झाडताना' घातलं होतं. पोस्टमास्तर म्हणाले, "अंगण आमची ही झाडते. दम मला लागतो, तिला सांगून सांगून!" मग बायकोच्या वाटची उत्तरंही त्यांनीच देऊन टाकली. "तिला काय धाड भरलीये? लिही, ठणठणीत!" काकू दाराआड कंबर दाबत उभ्या होत्या.

तरी भाची खूश होती. कागद भरले होते!

पंधरवड्याने ती पुन्हा आली, आणि शिंपीकाकांचा चेहराच पडला.

"का गं? आमचं चुकलं का काही?"

"नाही हो काका, पुन्हा तेच विचारायचंय."

"म्हणजे चुकलंच!" काका हळूच म्हणाले. "बरं, मागच्या वेळी 'कधीच नाही' म्हणालो होतो ना? मग आता 'सतत' लिही. टेबल बघितलं तरी कळा येतात बघ!"

बातमी जिन्याने वर गेली. पहिल्यांदा सगळे नापास झालेत आणि पोरगी भली म्हणून दुसरी संधी देतेय! मग काय विचारता! ज्यांचे गुडघे दुखत होते ते ठणठणीत झाले आणि ठणठणीत होते त्यांनी अंथरूण धरलं. पोस्टमास्तरांनी तर काकूंना एका दमात चार दुखणी देऊन टाकली.

भाची रडवेली होऊन हेडबाईंकडे आली. "आत्या, एकही उत्तर जुळत नाही! आमच्या संस्थेचे मोठे डॉक्टर म्हणतात, पुढच्या आठवड्यात मी स्वतः येतो, नव्याने दोन फेऱ्या करू. तेव्हाही जुळलं नाही तर प्रश्नावली रद्द. आणि मग मला कशाला ठेवतील?"

"रडू नकोस, नाक पूस. बाकीचं मी बघते."

भाचीची पाठ वळताच हेडबाईंनी सगळ्यांना गच्चीवर गोळा केलं.

"पोरीची नोकरी जायची वेळ आलीये! पहिल्यांदा काय सांगितलं होतं, ते आठवतंय का कोणाला?"

माना खाली.

"वाटलंच होतं. मग ऐका. पाच उत्तरं असतात, त्यातलं मधलं धरायचं. मधलं कधी चुकत नाही! काय म्हणायचं?"

"कधीकधी!" गच्ची एका सुरात म्हणाली.

"मागून आवाज येत नाहीये!"

"कधीकधी!!"

आता दहादा विचारलं तरी दहादा तेच येणार होतं. हेडबाई त्या रात्री शांत झोपल्या.

मोठे डॉक्टर आले. उंच, चष्मा घातलेले, अगदी सौम्य बोलणारे. शिंपीकाकांपासून सुरुवात केली. जिना चढताना त्रास? कधीकधी. झोप लागते? कधीकधी. सून? कधीकधी. सासूबाई? त्याही कधीकधी! डॉक्टरांच्या भुवया वर वर जाऊ लागल्या. भाचीने वर पाहिलं, तर कठड्याशी हेडबाई उभ्या! प्रत्येक उत्तराला पसंतीची मान डोलावत होत्या.

पोस्टमास्तरांच्या दारात डॉक्टर म्हणाले, "या वेळी वहिनींनाच बोलू द्या." काकू पदर सावरून पुढे आल्या. डॉक्टरांनी वरच्या रकान्यापासून सुरुवात केली.

"आपण विवाहित आहात?"

काकूंनी एकदा वर कठड्याकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "कधीकधी!"

"काय?" पोस्टमास्तर किंचाळले. "अगं, नातवंडं आहेत आपल्याला!"

"बाईंनी सांगितलंय! मधलं कधी चुकत नाही!"

"नातवंडं?" डॉक्टरांनी चष्मा काढला. "किती आहेत?"

काकूंनी पुन्हा वर पाहिलं. पण हेडबाई कठड्यावरून नाहीशा झाल्या होत्या!

डॉक्टर पायरीवर मटकन बसले. खांदे हलत होते. हसत होते की रडत होते, कळेना. भाचीने मात्र हुंदका आवरला आणि खरं ते सांगून टाकलं. "सर, आमच्याकडे तोच प्रश्न दुसऱ्यांदा फक्त बाई नाहीतर मास्तर विचारतात, आणि तेही पहिलं उत्तर चुकल्यावर! लोक तब्येत सांगत नव्हते, सर. पेपर सुधारत होते!"

डॉक्टर हसायचे थांबले. "हे असंच्या असं लिहून काढ," ते म्हणाले.

तिने लिहून काढलं. अहवाल परदेशी गेला, तिथल्या शहाण्यांना फार आवडला आणि छापून आला. प्रश्नावली रद्द झाली आणि भाची कायम झाली! नवी प्रश्नावली आता तीच बनवणार होती.

अहवालाची प्रत घेऊन ती इमारतीत आली तेव्हा सगळे जिन्यात जमले. वाचून कोण दाखवणार, हा प्रश्नच नव्हता. हेडबाईंनी चष्मा चढवला, घसा साफ केला आणि सगळा अहवाल शेवटच्या पानावरच्या शिफारशींपर्यंत खड्या आवाजात वाचला.

"'शिफारस पहिली. चाचणीसाठी इमारत निवडण्यापूर्वी तिथे कोणी निवृत्त मुख्याध्यापिका राहत नाहीत, याची...'"

हेडबाईंनी उरलेलं वाक्य मनातल्या मनात वाचलं, चष्मा उतरवला आणि अहवालाची नीट घडी घातली.

"शुद्धलेखन बरं आहे," त्या म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच भिंतीच्या कडेकडेने, आवाज न करता, जिना चढून गेल्या.