सरोजक्कांचे एकोणीस सेकंद

आमच्या सरोजक्का टीव्हीवरून प्रश्न विचारतात. यात नवल काही नाही. टीव्हीवर हल्ली सगळेच प्रश्न विचारतात, तेही ओरडून. नवल हे की सरोजक्का प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबतात.

दुपारचा एक वाजतो. टीव्हीवर निळ्या पडद्यासमोर सत्तरी ओलांडलेल्या सरोजक्का दिसतात. कडक इस्त्रीची सुती साडी, जाड भिंगांचा चष्मा, हातात कागद. कागद खाली ठेवतात आणि म्हणतात, "नमस्कारा. ऊट आयता?"

जेवण झालं का, एवढंच. बेंगळुरूत हे सगळेच सगळ्यांना विचारतात आणि उत्तर न ऐकता पुढे जातात. अक्का जात नाहीत. मान जराशी तिरकी करून समोर बघत बसतात. पहिल्यांदा बघणारा माणूस उठून टीव्हीला चापट मारतो. दुसऱ्यांदा बघणारा रिमोटचे सेल बदलतो. तेवढ्यात अक्का मान डोलावतात. कुणीतरी काहीतरी सांगितलंय आणि ते यांना पटलंय, अशी. कधी भुवया उंचावून "हौदा?" म्हणतात, म्हणजे असं का? एकदा तर "अय्यो!" म्हणाल्या, आणि अख्ख्या वस्तीला आपण काय बोलून बसलो याची काळजी पडली. मग "सरी" म्हणतात, म्हणजे बरं, कागद उचलतात आणि पाणी कुठल्या क्रॉसला, म्हणजे आडगल्लीला, किती वाजता येणार ते वाचायला लागतात.

हे एकोणीस सेकंद रोज. मी मोजलेत, कारण कॅमेऱ्यामागे मी असतो.

आमचं चॅनेल म्हणजे 'नम्म बीदी', आपली गल्ली. जे. पी. नगरच्या एका कोपऱ्यातल्या केबलवरच ते दिसतं. पाणी, वीज, हरवलं-सापडलं, वाढदिवस, मयत, आणि वेळ उरलाच तर कुणाच्या तरी नातीचं भरतनाट्यम. वस्तीनेच वर्गणी काढून ते सुरू केलं, पिठाच्या गिरणीच्या माथ्यावरच्या दोन खोल्यांत. गिरणी चालू असली की रेकॉर्डिंग बंद. खाली मिरच्या दळल्या की वर वाचणाऱ्याच्या डोळ्यांना धारा लागतात. अशाच एका दिवशी अक्कांनी तिसऱ्या क्रॉसच्या एका सावकाराच्या निधनाची बातमी वाचली. त्याच्यासाठी कुणीतरी इतकं रडलेलं बघून त्याच्या घरचेसुद्धा चकित झाले. दुसऱ्या दिवशी अक्कांना नारळ घेऊन आले.

मी वसंत, मूळचा निपाणीचा. पंचवीस वर्षं इथे लग्नांचे व्हिडिओ काढतो आणि फावल्या वेळात चॅनेलचं शूटिंग, एडिटिंग बघतो. गप्प बसणं हा माझा प्रांत नाही. मुलीच्या पाठवणीत हुंदके देणाऱ्या आईला मी कॅमेऱ्यामागून बडबड करून हसवलंय. अक्का म्हणायच्या, "वसंता, तुझ्या तोंडाला स्वल्प सुट्टी देत जा रे. त्यालाही बायको-मुलं असतील."

अक्कांचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. त्यामुळे त्यांची मराठी जुन्या कपाटातल्या शालूसारखी आहे. जरीकाठ शाबूत, मधूनमधून कन्नडची ठिगळं. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. चॅनेल निघालं तेव्हा बातम्या वाचायला कोण, म्हणून सेक्रेटरी नंजुंडप्पांनी सभा बोलावली. ते बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. सभा बोलावल्याशिवाय शिंकतसुद्धा नाहीत. अक्का मागच्या खुर्चीवरून उठल्या आणि म्हणाल्या, "आवाज माझा आहे. बाकी काय लागतं ते तुम्ही आणा."

बाकी काय लागतं ते पुढे कळलं. अक्कांना लागायची खात्री. पाणीखात्याचा कागद आला की आम्ही म्हणायचो, वाचा. त्या म्हणायच्या, "कागदावर पाणी येतं, वसंता. नळाला येतंय का ते बघून येते." आणि खरंच पिशवी काखोटीला मारून निघायच्या. पाचव्या क्रॉसला कुणाच्याही फाटकात शिरून नळ सोडायच्या, खाली बोट धरायच्या आणि ते ओलं बोट वर करून रस्ताभर परत यायच्या, वाळू न देता. पुरावा!

एका उन्हाळ्यात बोअरवेल आटल्या. टँकर यायचे, पण चौथ्या क्रॉसला येऊन पाचव्याला वळायच्या आतच रिकामे व्हायचे. कसे, ते कुणी सांगेना. अक्का तीन दिवस टँकरमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून फिरल्या. सत्तरीची बाई, मांडीवर वही, डोक्यावर पदर. दुपारी एकच्या बातम्यांत वाचलं: "टँकर चौथ्या क्रॉसच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलापाशी पंचवीस मिनिटं थांबला. ड्रायव्हरने एक कॉफी घेतली. कॉफीला पंचवीस मिनिटं लागत नाहीत." बस. एवढंच. कुणावर आरोप नाही, आवाज चढवणं नाही. चौथ्या दिवशी टँकर पाचव्या क्रॉसला भरलेला पोचला आणि ड्रायव्हर वर येऊन विचारून गेला, "अक्का, आज माझं काय वाचणार?"

हरवलं-सापडलंचंही तसंच. एकदा कुणाला तरी रस्त्यात कुकरची शिट्टी सापडली. अक्कांनी ती कॅमेऱ्यासमोर धरली आणि जाहीर केलं की जिची असेल तिने फोन करून शिट्टी कशी वाजते ते करून दाखवावं. दुपारभर आमच्या फोनवर बायका शिट्ट्या मारत होत्या. नंजुंडप्पांनी एक फोन उचलला आणि दचकून खाली ठेवला. अक्कांनी सगळ्या शांतपणे ऐकल्या आणि सातव्या बाईला शिट्टी दिली. "हिने शेवटी स्वल्प थुंकी उडवली," म्हणाल्या. "जुनी शिट्टी तसंच करते."

रेकॉर्डिंग सकाळी दहाला व्हायचं. ते आटोपलं की अक्का एक क्षण थांबायच्या नाहीत. आम्ही कॉफीचा आग्रह करायचो.

"बेडा, बेडा. घरी जेवायला वाट बघतात."

"कोण हो अक्का?"

"आहेत. माझ्यावाचून पान वाढलं जात नाही तिथे."

मी मनातल्या मनात चांगलं दहा-बारा माणसांचं घर उभं केलं होतं. हेब्बाळला आयटीत असलेला एक भाचा ऐकून माहीत होता. त्याची बायको, मुलं, एखादी म्हातारी नणंद, असे सगळे मीच पाटावर बसवले होते. घरी यायला मात्र अक्कांनी कधी सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, "एकला टीव्हीसमोर बसता की नाही सगळे? स्वतःला बघता की नाही?" तर फटकारलं, "स्वतःचं तोंड कोण बघतं रे? आरसा काय कमी आहे?"

आता माझ्या पापाकडे येतो.

देवनहळ्ळीला प्लॉट पाडलेल्या एका माणसाने जाहिरात देऊ केली. जाहिरात म्हणत होती, विमानतळापासून हाकेच्या अंतरावर. ती हाक पायलटने मारायची की काय, ते लिहिलेलं नव्हतं. पण आमचा माइक अखेरच्या घटका मोजत होता आणि जाहिरात वीस सेकंदांची होती. नंजुंडप्पांनी सभा बोलावली. सभेला ते आणि मी.

"वसंतण्णा, बाई एकोणीस सेकंद नुसती बघत बसते. हत्तोंबत्तु सेकंद! ते कापा, जाहिरात बसते."

"अक्का चिडतील."

"कशाला कळेल? ती स्वतःला बघत नाही, तुम्हीच सांगितलंत."

खरं होतं. मला थोडी गंमतही वाटली. एकोणीस सेकंद काढून बघू, कुणाच्या लक्षात येतं का! त्या दिवशी सकाळी रेकॉर्डिंगमध्ये अक्का 'ऊट आयता' म्हणाल्या, थांबल्या, आणि कधी नव्हे त्या हसल्या. गालभर. मी म्हटलं, आज काय लॉटरी? त्या पिशवी काखोटीला मारून निघून गेल्या. मी ते सगळं उचललं, हसण्यासकट, आणि बाजूला टाकलं. प्रश्न, लगेच 'सरी', लगेच प्लॉट. सांधा कुठे दिसला नाही पाहिजे. लग्नात मी नवऱ्याच्या मामांचे रुसवे असेच कापतो.

मग टेबलावर अक्कांचा चष्मा दिसला. वाचायचा. त्याच्यावाचून त्यांना संध्याकाळभर काही सुचणार नाही. घर विचारत विचारत गेलो. पोचेपर्यंत एकला पाच मिनिटं होती.

तळमजल्यावरची एक खोली आणि स्वयंपाकघर. दार उघडं. मी आवाज देणार, तर आत बघून थबकलो. दहा-बारा माणसं नव्हती. अक्का जमिनीवर पाट घेऊन बसल्या होत्या. पुढे एक ताट. ताटासमोर स्टुलावर छोटा टीव्ही. घरी वाट बघणारं माणूस होतं ते. तो चालू होता, आणि अक्कांनी भाताला हात लावला नव्हता.

एक वाजला. टीव्हीतल्या अक्का म्हणाल्या, "नमस्कारा. ऊट आयता?"

पाटावरच्या अक्कांनी साडी गुडघ्यांवर सारखी केली, टीव्हीकडे तोंड केलं आणि मराठीत म्हणाल्या, "आत्ताच बसले गं. आज की नाही, पहिल्या अवरेकाळूची..."

"सरी," टीव्हीतल्या अक्का म्हणाल्या. आणि पडद्यावर देवनहळ्ळीचे प्लॉट पसरले, विमानासकट.

अक्कांचं तोंड तसंच उघडं राहिलं. हळूहळू मिटलं. त्यांनी ताटाकडे बघितलं, एक दाणा बोटाने बाजूला सारला आणि स्वतःशीच म्हणाल्या,

"घाईत दिसते आज."

अवरेकाळू म्हणजे आपले पावटे. हिवाळ्यात बाजारात पहिले आले की अख्खं बेंगळुरू येडं होतं. सकाळच्या त्या एकोणीस सेकंदांतलं हसू कशाचं होतं ते मला उंबऱ्यात उभ्या उभ्या कळलं. सकाळी स्वयंपाक करून, कॅमेऱ्यासमोर बसून, दुपारी स्वतःच सांगणार असलेल्या पावट्यांना अक्का आधीच दाद देऊन आल्या होत्या. ती दाद मी कापून टेबलावर ठेवली होती.

खिशात फोन वाजला. अक्कांनी वळून बघितलं. पळून जायची सोय उरली नाही, म्हणून फोन उचलला. नंजुंडप्पा एवढे ओरडत होते की अक्कांनाही सगळं ऐकू जात होतं.

"वसंतण्णा! तिसऱ्या क्रॉसचा कृष्णमूर्ती दहीभाताच्या हातानं वर आलाय! म्हणतो, मी घास गिळेपर्यंत बाई पुढे गेली, माझं सांगायचं राहिलं. जिन्यात आणखी चार बायका आहेत. अरे, हे सगळे उत्तर देतात रोज! तुम्हाला माहीत होतं? ते एकोणीस सेकंद टाकले नाहीत ना? उद्यापासून जसेच्या तसे घाला!"

मी फोन बंद केला. चष्मा पुढे धरला. अक्कांनी तो घेतला, डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बघितलं. टँकरच्या ड्रायव्हरकडे असंच बघितलं असणार.

"किती कापलंस?"

"सगळे एकोणीस."

"पावट्यांचं सांगायला तेवढे लागतात," त्या म्हणाल्या. मग टीव्हीकडे बघत, "नुसत्या भाजीचं असेल तर बारात होतं. उरलेल्यात मी तिच्याकडे बघते. बरी दिसते ना रे? ऐकून घेताना?"

मला जीभ आहे याची आयुष्यात पहिल्यांदा अडचण झाली. एरवी अशा वेळी माझ्याकडे चार विनोद तयार असतात. होतेही. मी चपला काढल्या, आत गेलो आणि टीव्ही बंद केला. स्टूल बाजूला सरकवून टीव्हीच्या जागी, ताटासमोर, भुईवर बसलो.

"अक्का," मी म्हटलं, "ऊट आयता?"

आणि थांबलो. मान जराशी तिरकी करून.

त्यांनी आधी साडी सारखी केली. मग सुरुवात केली. पावटे किती वाजता आणले, शेंगवाली कशी नडली, साल काढता काढता कुणाची आठवण आली, आई त्यात सुकं खोबरं घालायची की ओलं. एकोणीस सेकंद कधीच होऊन गेले. पलीकडच्या घरात जेवणं उरकून भांडी पडली. भात निवला. मी मध्ये एकदाही बोललो नाही.

त्यांचं संपलं तेव्हा मी मान डोलावली.

"सरी," म्हटलं.