गटारावरचा टोगो

राज्यकारभार ही मुळात हद्द आखण्याची कला आहे. कामं वगैरे नंतरची गोष्ट.

हे ज्ञान मला मुलीच्या शाळेमुळे झालं. रीमा पहिलीत आहे. यंदा शाळेच्या नावात 'इंटरनॅशनल' आलं (फी आधीच आली होती), म्हणून प्रत्येक मुलाला एकेक देश वाटला गेला. रीमाला पश्चिम आफ्रिकेतला टोगो मिळाला. प्रशासकीय विभाग दाखवणारी प्रतिकृती मुलांनी स्वतः करायची होती. त्यामुळे वर्गातले शंभर टक्के टोगो-बिगो पालकांनी केले.

टोगो फार शिस्तीचा निघाला. लांबट, चिंचोळा, आणि समुद्राकडून वर पाच प्रदेश: मारितीम, प्लातो, सांत्राल, कारा, सावान. नकाशात कुठेही बोट ठेवा, तो तुकडा कोणाचा ते कळतं.

आमचं तसं नाही. मानकोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला, ग्रामपंचायत आणि पालिका यांच्या सीमेवर आमची बिल्डिंग. गेटसमोर गटार, आणि त्यावरची लादी शेजारच्या गोदामाच्या ट्रकनं फोडलेली. पडलेलं भोक अरुंद, पण लांब. (टेपनं आधी भोक मोजलं, मग झोपलेली रीमा. ती आरामात मावते.)

ग्रामपंचायतीचे सदस्य हिरामणदादा स्वतः येऊन बघून गेले. "वहिनी, आपली हद्द गेटपर्यंत हाय. गटार आपल्यात येत न्हाय."

पालिकेतले साहेब जास्त शिकलेले. "मॅडम, गटारातलं पाणी आमच्याकडे येतं, मान्य. पण गटार त्यांचं."

अशा रीतीने काठ ग्रामीण, पाणी शहरी आणि मधलं भोक स्वायत्त राहिलं.

प्रतिकृतीसाठी दीपेशनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, गोदामातून जाड प्लाय आणला होता. बक्षीस मिळालं आणि टोगो घरी आला. कपाटात मावेना. मी तो गटारावर ठेवला. मापात बसला! रीमा रोज मारितीमवर पाय ठेवून, प्रदेशांची नावं घेत, सावानवरून रस्त्याला लागायची. बिल्डिंगमधले लोक कौतुकानं फोटो काढायचे. त्यातल्याच कोणीतरी तक्रार केली.

मग प्रशासन हललं. ज्यांचं गटार नव्हतं, ते दोघेही झाकणासाठी एकाच सकाळी हजर झाले.

"हे आमच्या हद्दीत हाय!" हिरामणदादा म्हणाले.

"अनधिकृत बांधकाम आहे. आमचा विषय," साहेब म्हणाले.

मी म्हटलं, "दादा, साहेब, पोरगी पडेल हो."

"त्याचं बघू. आधी हे काढू द्या."

शेवटी समन्वय साधला गेला. एका पक्षानं समुद्रकिनारा धरला, दुसऱ्यानं उत्तर सीमा, आणि टोगो टेम्पोत गेला.

"मम्मी, आता कुठून जायचं?" रीमानं विचारलं. मी दोघांकडे बघितलं. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

हे वाचून तुम्हाला हसू आलं असेल. टोगोचे प्रदेशही एव्हाना पाठ झाले असतील. आता जरा खाली जाऊन या. तुमच्या गेटसमोरचं झाकण कोणाच्या हद्दीत येतं?

नाही ना माहीत? मग तोवर पोरांना उचलून घ्या.