तीन केसांचं कार्ड

समजा, तुम्ही पाच वर्षांचे आहात. समजायला आपलं काय जातंय? आता समजा, तुमच्या कानाजवळ कोणीतरी कात्री चालवतंय, आणि प्रत्येक 'कच'बरोबर तुम्हाला असं ऐकू येतंय, की स्वयंपाकघरातली सगळी ताटं एकदम फरशीवर पडली. मानेवर पडलेला एकेक बारीक केस मुंगीसारखा चावतोय. आणि भोवतालची मोठी माणसं दात काढून म्हणतायत, "काही होत नाही गं, काही होत नाही!" अशा वेळी तुम्ही काय कराल? बरोबर. खुर्चीवरून उडी माराल आणि धूम ठोकाल.

साहेबांनीही तेच केलं होतं. तीन महिन्यांपूर्वी.

साहेब म्हणजे एक मुलगी, वय वर्षं पाच. चपला रांगेत आहेत का, दार नीट लागलंय का, भाजीने वरणाला हात तर लावलेला नाही ना, ही घरातली सगळी तपासणी तिच्याकडे असायची, म्हणून आजोबांनी तिला 'साहेब' म्हणायला सुरुवात केली आणि बघता बघता सगळं घर अहोजाहोवर आलं. साहेबांना ऑटिझम होता. म्हणजे जग त्यांना आपल्यापेक्षा मोठ्याने ऐकू यायचं, आणि पुढे काय होणार हे आधी दिसलं नाही, की त्यांचा जीव घाबराघुबरा व्हायचा. बोलणं मोजकं. 'झालं' आणि 'नाही झालं' एवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा. पुष्कळ कचेऱ्यांतले साहेब याच दोन शब्दांवर निवृत्त होतात, त्यामुळे यात नवल काही नव्हतं.

तर तीन महिन्यांपूर्वी साहेब पळाल्या, तेव्हा त्यांचे केस उजवीकडचेच कापून झाले होते. उजवीकडून पाहिलं तर मुलगी, डावीकडून पाहिलं तर झुडूप. झुडपाच्या फांद्या डाव्या डोळ्यात जायच्या. डोळा लाल झाला, पाणी गळायला लागलं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बाबांना चांगलंच झापलं. "थेंब नंतर. आधी ते केस बाजूला करा. डोळा आहे तो, शोभेची वस्तू नाही."

झापून घ्यायला बाबा योग्य माणूस होते, कारण केस हा त्यांचा विषय. ते केसांच्या तेलाच्या कंपनीत विक्रीच्या कामाला होते. स्वतःचे केस दाट, कुरळे, कपाळावर एक बट मुद्दाम सोडलेली. सोमवारी नव्या तेलाची ओळख करून द्यायला ते चाळीस दुकानदारांसमोर उभे राहणार होते. भाषणाच्या पाचव्या मिनिटाला सहज आठवल्यासारखा केसांतून हात फिरवायचा, हे त्यांनी आरशासमोर घोटून ठेवलं होतं. आजोबा म्हणायचे, "आरसा थकला, पण हा थकला नाही."

साहेबांचं घर चालायचं कार्डांवर. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक लांब पट्टी, तिच्यावर दिवसभराची चित्रं ओळीने: दात, आंघोळ, दूध, बूट, झोका. एकेक गोष्ट उरकली की साहेब ते कार्ड काढून झाकणाच्या डब्यात टाकत आणि म्हणत, "झालं." नियम एकच होता. कार्डावर जे असेल, ते होणारच. एकदा कार्डावर झोका होता, आणि बागेत गेल्यावर कळलं, की झोक्यांना ओला रंग लावलाय. त्यानंतर एकोणीस दिवस साहेबांनी एकाही कार्डावर विश्वास ठेवला नाही. दुधाच्याही नाही. त्या एकोणीस दिवसांबद्दल त्या घरात कोणी मोठ्याने बोलत नसे.

कार्डं काढायची आई. ती घरांचे नकाशे काढायचं काम करायची, त्यामुळे तिच्या हातचा दुधाचा पेलासुद्धा मापात असायचा. केस कापायच्या मोहिमेसाठी तिने पाच कार्डं केली होती. एक, बूट. दोन, न्हाव्याचं दुकान. तीन, बाबांचे केस कापून झाले. चार, साहेबांचे केस कापून झाले. पाच, झोका. आधी बाबांनी कापून दाखवायचे, मग साहेबांनी बसायचं. शनिवारी सकाळी आई कामावर गेली आणि जाताना म्हणाली, "सगळं तयार आहे. तू फक्त काही करू नकोस."

बाबांनी फक्त चहा सांडला. तोही नेमका तिसऱ्या कार्डावर.

"जाऊ दे, मी काढतो," बाबा म्हणाले. "एक डोकं तर काढायचंय."

त्यांनी एक गोल काढला. दोन टिंबं, खाली हसरी रेघ. वर तीन उभे केस. खाली सदऱ्याच्या चौकड्या मात्र मन लावून काढल्या.

आजोबांनी चष्मा वर केला. "कांदा का काढलायस?"

"बाबा, हा मी आहे."

"असं होय. मग चौकड्या छान आल्यात."

साहेबांनी नवं कार्ड हातात घेतलं, बराच वेळ बघितलं, आणि पट्टीवर लावलं. तिथेच खरं म्हणजे सगळं ठरलं होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही, एवढंच.

दुकानात बाबा खुर्चीत बसले. साहेब बाकावर, कानांवर आवाज अडवणाऱ्या जाड कानपट्ट्या, मांडीवर घरून आणलेला डबा, हातात तिसरं कार्ड. शेजारी आजोबा. पलीकडे गालाला फेस लावलेला एक पोस्टमन.

"थोडे बारीक करा," बाबा म्हणाले. "बटेला हात लावू नका. सोमवारी काम आहे तिचं."

न्हाव्याने हलक्या हाताने थोडे बारीक केले. साहेब उठल्या. खुर्चीजवळ आल्या. कार्ड बाबांच्या डोक्याशेजारी धरलं. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"नाही झालं."

"अजून थोडे घ्या," बाबा म्हणाले.

अजून थोडे घेतले. पुन्हा तपासणी. "नाही झालं."

तिसऱ्या खेपेला बट गेली. चौथ्या खेपेला न्हाव्याने स्वतःच कार्ड मागून घेतलं, उजेडात धरलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "भाऊ, यात तीनच केस आहेत."

बाबांनी कार्ड बघितलं. मग आरशात बघितलं. मग त्यांनी आईला फोन लावला.

"तू चित्रात नक्की काय काढलंस?" आईने विचारलं.

"डोकं."

"आणि केस?"

"तीन."

"तीनच का?"

"अगं, घाईत जेवढे सुचले तेवढे! आता पेन घेऊन त्यात चार केस वाढवू का?"

"एकोणीस दिवस आठव," आई म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

बाबांनी आठवले. समोर साहेब उभ्या होत्या. डावा डोळा लाल, झुडपातून बाहेर बघणारा. हात कार्डावर घट्ट. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्या या दुकानात आल्या होत्या, आणि अजून पळाल्या नव्हत्या.

"थांबा, थांबा," आजोबा उठले. त्यांच्या डोक्यावर मुळातच तीन-चार केस उरले होते. "हे चित्र माझंच आहे की! काय साहेब, झालं ना?"

साहेबांनी त्यांच्या चष्म्याकडे बोट केलं. आजोबांनी चष्मा काढला. साहेबांनी सदऱ्याकडे बोट केलं. चित्रात चौकड्या होत्या, आजोबा पांढऱ्या सदऱ्यात.

"काढ रे सदरा," आजोबा म्हणाले.

"बाबा, लोक बसलेत!"

"बसलेत ते बसू देत. तुझी झुलपं वाचवतोय मी."

बापलेकांनी भर दुकानात सदऱ्यांची अदलाबदल केली. पोस्टमन फेस वाळवत ती बघत बसला. आजोबा चौकड्यांत, चष्म्याविना, हसरी रेघ काढून उभे राहिले. साहेबांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत तपासलं.

"आजोबा," त्या म्हणाल्या. आणि बाबांकडे वळल्या.

"पोरीला फसवता येत नाही," आजोबा सदऱ्याची बटणं सोडत म्हणाले. "तुला लहानपणी अगदी सहज यायचं."

बाबांनी आपला सदरा चढवला आणि डोळे मिटून घेतले. "चालवा मशीन."

"भाऊ, तीन कोणते ठेवू?" न्हाव्याने व्याकूळ होऊन विचारलं. "सगळे सारखेच आहेत हो."

"मधले ठेवा," पोस्टमन म्हणाला. "बाजूचे ठेवले तर शिंगं दिसतील."

"माझं नाव कोणाला सांगू नका मात्र," न्हावी म्हणाला, आणि त्याने बटण दाबलं. बारा वर्षांत या दुकानात इतक्या नाजूक हाताने काम झालं नव्हतं. शेवटी डोकं गुळगुळीत झालं आणि टाळूवर तीन केस उभे राहिले. साहेबांनी बोट लावून मोजले. "एक. दोन. तीन."

"नाही झालं."

"आता काय?" बाबा रडकुंडीला आले.

साहेबांनी कार्डावरच्या हसऱ्या रेघेवर बोट ठेवलं.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी हसू कुठून आणायचं? पण बाबांनी आणलं. आधी ओठ ओढून आणलं, मग आरशातल्या त्या कांद्याकडे लक्ष गेलं, आणि ते आपोआपच आलं.

"झालं," साहेब म्हणाल्या. त्यांनी कार्ड डब्यात टाकलं आणि स्वतः खुर्चीवर चढून बसल्या.

चौथं कार्ड आईने काढलेलं होतं. कपाळावर सरळ रेषेत केस, भुवयांच्या बोटभर वर. कानांवर कानपट्ट्या. न्हाव्याने मशीन लांब ठेवलं, कात्रीही सावकाश, एकेक कच आधी बोटाने दाखवून. साहेबांनी खुर्चीचे हात पांढरे पडेपर्यंत आवळले, पण त्या हलल्या नाहीत. कारण समोरच्या कार्डावर त्या होत्या, आणि कार्डावर त्या हलत नव्हत्या. झुडूप जमिनीवर पडलं. दोन्ही डोळे बाहेर आले. साहेबांनी आरशात पाहिलं, कार्डात पाहिलं, पुन्हा आरशात पाहिलं.

"झालं."

पोस्टमनने टाळ्या वाजवण्यासाठी हात वर केले होते. आजोबांनी ते वरच्यावर धरले. मोठा आवाज झाला असता तर पुन्हा पहिल्यापासून.

झोक्यावर बाबांनी साहेबांना हळूहळू ढकललं. थोड्या वेळाने साहेब उतरल्या, त्यांनी बाबांना खाली वाकायला लावलं आणि त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. पुढून मागे. साहेबांना कोणी हात लावलेला खपायचा नाही, आणि त्या आपण होऊन कोणाला लावायच्या नाहीत. बाबा वाकलेलेच राहिले. अकरा वेळा. कंबर धरली, पण ते हलले नाहीत.

संध्याकाळी आईने दार उघडलं आणि विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?" पुढची दहा मिनिटं ती दाराला धरून हसत होती. मग तिने साहेबांचा डावा डोळा बघितला, आणि बाबांच्या टाळूवरचे तिन्ही केस बोटाने सरळ करून दिले.

सोमवारी बाबा टोपी घालून ऑफिसात गेले. मॅनेजरने टोपी काढायला लावली. त्याने बाबांच्या भोवती एक पूर्ण चक्कर मारली. बाबांनी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला.

"चार महिने शोधतोय मी," शेवटी मॅनेजर म्हणाला. "जाहिरातीत 'वापरण्यापूर्वी' म्हणून लावायला असा फोटो मिळत नव्हता! दुकानदारांसमोर मी बोलतो, तुम्ही उभे राहा तिकडे, भिंतीपाशी. आणि सहा महिन्यांनी आपण तुमचाच 'वापरल्यानंतर' काढू. फक्त तोवर एक केससुद्धा कापायचा नाही. कळलं?"

बाबांना कळलं. त्यांनी सहा महिने केसांची अशी राखण केली, की आजोबा म्हणाले, "एवढं जपून तुला पण वाढवलं नव्हतं." साहेब रोज सकाळी दुधाच्या आधी बाबांना वाकायला लावून डोक्यावरून हात फिरवत. आधी अकरा वेळा. मग केस टोचायला लागल्यावर सात. मग चार.

फोटोच्या दिवशी सकाळी बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला. बट पुन्हा कपाळावर आली होती. आरशाने सुटकेचा निःश्वास टाकला असेल. नेहमीप्रमाणे ते साहेबांसमोर वाकले. साहेबांनी हात ठेवला, एकदाच, आणि चटकन काढून घेतला.

"नाही झालं," त्या म्हणाल्या.

मग त्या भिंतीकडे गेल्या. पट्टीवरून बाबांच्या ऑफिसचं कार्ड काढून त्यांनी डब्यात टाकलं. डब्याच्या तळाशी हात घालून तीन केसांचं कार्ड शोधलं, रिकाम्या जागी लावलं आणि तळहाताने दोनदा दाबलं. स्वतःचे बूट घातले. आणि बाबांचे बूट आणून, जोडीने, दाराकडे तोंड करून, त्यांच्या पायांपाशी ठेवले.