परसातलं टेनिस

मासे धरायचं जाळं. एक. थोडं फाटकं.

साहेबांचे पांढरे बूट, आंब्याच्या फांदीवर.

बायकोची ट्रंक, दसऱ्यापासून भरून ठेवलेली.

खांब एक. हवे होते दोन!

आता सांगतो. दमलोय, पण सांगतो.

मी दाभोशाच्या जंगल नाक्यावरचा नाकेदार. येईल त्या ओंडक्यावर शिक्का मारायचा आणि पावसाळा सरला की हिवतापाने कुडकुडायचं. नऊ वर्षं हेच! शेवटी ओंडके मला पाहून हळहळायला लागले. इतक्यात जव्हारच्या कचेरीत एक जागा रिकामी झाली. ती जागा द्यायची कुणाला, हे आमच्या जंगल खात्याच्या फरामजी साहेबांच्या हातात. आणि साहेबांचा जीव कशात, तर टेनिसमध्ये!

"साहेब, दौऱ्यावर या," मी छाती काढून म्हणालो. "माझ्या परसात टेनिसचं मैदान तयार असेल. मार्गशीर्षाच्या आत!"

मैदान मी जन्मात एकदाच पाहिलं होतं. ठाण्याला. कुंपणाबाहेरून.

बायकोने विचारलं, "अहो, तुम्हाला जमेल ना?"

"जमीन सपाट करायची, दोन खांब रोवायचे, मध्ये जाळं बांधायचं. त्यात न जमण्यासारखं काय आहे?"

त्याच दुपारी तिने ट्रंकेत पाटा-वरवंटा भरायला घेतला. तो मावेना, म्हणून पुन्हा बाहेर काढला.

जमिनीचा जाणकार म्हणजे पाड्यावरचा नवसू. त्याला परसात उभं करून मी सांगितलं, "इथलं गवत खरवडायचं. पाणी मारायचं, चोपणीने चोपायचं, शेणाने सारवायचं. तळहातासारखी जमीन पाहिजे. एक खडा दिसता कामा नये!"

"करून देतो," नवसू म्हणाला. "पन कशाला रं?"

"साहेब येणार आहेत. इथे खेळतील."

"काय खेळल?"

"चेंडू. जाळ्यावरून इकडून तिकडे मारायचा."

"आनि मंग?"

"मग तिकडचा माणूस इकडे मारणार."

नवसूने माझ्याकडे बघितलं. तापाने बडबडणाऱ्या माणसाकडे बघावं तसं! त्याची बायको राही शेजारीच उभी होती. तिने हळूच माझ्या कपाळाला हात लावला.

"ताप नाय," ती नवऱ्याला म्हणाली.

मी दोन खुंट्या ठोकून खांबांच्या जागा दाखवल्या. राहीकडून मासे धरायचं जाळं मागून घेतलं. आणि रॅकेटी आणायला जव्हारला गेलो. चार दिवस लागले. चूक म्हणाल तर एवढीच.

परत आलो तर बायको दारात.

"अहो, परसात बैल आहेत."

"हाकला."

"चार आहेत. आणि ते गोल फिरताहेत."

मागे जाऊन पाहिलं. जमीन अशी सुरेख सारवली होती की डोळ्यांत पाणी यावं! फक्त चारही कोपरे गायब. मैदान भाकरीसारखं गोल. मधोमध एकच खांब, त्याला जुंपलेले चार बैल, त्यांच्या पायाखाली भाताच्या पेंढ्या. आणि कडेला सगळ्या पाड्याच्या भाताची उडवी, माझ्या घराहून उंच! तिच्यावर पाखरं येऊ नयेत म्हणून जाळं पसरलेलं.

"नवसू! हे काय?"

"खळं," नवसू शांतपणे म्हणाला. "तूच बोललास ना? चोपा, सारवा, खडा नको. खळ्याशिवाय अशी जमीन कोन करतो?"

"मी दोन खांब सांगितले होते!"

"दोन खांबाला बैल फिरल कसा? तू दप्तरातला मानूस, चुकलास. मी सुधारलं."

"उचला हे सगळं! परवा साहेब येणार!"

पेंढ्या टाकणाऱ्यांचे हात थांबले. बैलसुद्धा थांबले. राही पुढे आली.

"खळ्यावं पेंढी पडली ना दादा, की मळून, पुजून मंगच उचलायची. अर्ध्यात उचलली तं वरीसभर घरात दाना टिकत नाय. बारा घरांचं भात हाय. तू उचलशील?"

मी बारा घरांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाही उचललं.

परवाच्या ऐवजी साहेब दुसऱ्याच दिवशी आले! पांढरी विजार, पांढरे बूट, काखेत रॅकेट. परसाच्या तोंडाशी राहीने हात आडवा केला.

"पायतान काढ."

"राही! ते साहेब आहेत!"

"मंग काय झालं? बैलाच्या पायात हाय का पायतान?"

साहेबांनी बैलांचे पाय पाहिले, मग स्वतःचे. बूट काढून आंब्याच्या फांदीला अडकवले. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा साहेबांची रॅकेट राहीच्या हातात होती आणि त्या रॅकेटने ती पेंढा झटकत होती!

"बरी हाय," ती म्हणाली. "भोकं मोठी हायत, दाना खाली पडतो. आलास तं हात लाव."

मग जे झालं ते मी कडेला बसून पाहिलं. फरामजी साहेब विजार गुडघ्यापर्यंत दुमडून बैलांमागे फिरत होते. "हो, हो, चाल बेटा!" तीन तास! पोटभर आंबील प्याले. पूजेचा नारळ त्यांनीच फोडला.

निघताना त्यांनी घाम पुसत कोटाच्या खिशातून एक लांब लिफाफा काढला. माझ्याकडे पाहिलं. खळ्याकडे पाहिलं. राहीकडे पाहिलं.

"नाकेदार, मी टेनिस बघायला आलो, आणि तुम्ही काय दाखवलं! साला, दुसऱ्या कुठल्या नाक्यावर रयत असं घर समजून परसात येते? असा माणूस इथून काढला तर माझ्यासारखा गाढव मीच!"

लिफाफा पुन्हा खिशात गेला.

राहीने बूट काढून दिले. एकात पाखराने काड्या आणून ठेवल्या होत्या.

बायकोने संध्याकाळी ट्रंक उघडली आणि वरची दोन लुगडी बाहेर काढली. नवसू कुंपणावरून म्हणाला, "पुढच्या वर्षी खळं वाईच मोठं करू. तू हायेस ना?"

"आहे," मी म्हणालो.

मागाहून कळलं, त्या लिफाफ्यातल्या माझ्या जव्हारच्या बदलीच्या हुकमावर साहेबांनी दाभोशाला यायच्या आधीच्या सोमवारी सही केली होती.