शिंपीकाकांचा अंगठा

मुलांनो, दोन्ही कान हातांनी घट्ट झाका आणि एक शाळा डोळ्यांसमोर आणा. झाकले? मग पान कोण उलटणार? बरं, सोडा हात. तर या शाळेतल्या मुलांना ऐकू येत नव्हतं. ती हातांनी बोलायची. बाईंनी लाकडी जमिनीवर ठेका धरला, की तो तळपायांनी ओळखून नाचायची.

तिथे शिंपीकाका आले. दुकान मुलाकडे सोपवून ते घरी बसले होते आणि काकूंच्या प्रत्येक कामात नाक खुपसत होते. शेवटी काकू म्हणाल्या, "अहो, कुठेतरी जाऊन सेवा करा. माझी सोडून!"

बाईंनी बजावलं, "आजचा दिवस बघते. मुलांशी जमलं तर उद्यापासून या. नाही तर नमस्कार."

काकांना काकू आठवल्या. पहिल्याच दिवशी परत गेलो, तर ही जन्मभर ऐकवेल!

बाईंनी त्यांना दोन खुणा शिकवल्या. अंगठा वर करून मूठ हलवली, की 'शाबास'. अंगठा मुठीत ठेवून हलवली, की 'पुन्हा कर'. आता काकांचा अंगठा आयुष्यभर कात्री चालवून आखडलेला. तो काही केल्या वर होईना.

भिंगरी म्हणून एक चुणचुणीत मुलगी होती. तिने फळ्यावर मासा काढला. काकांनी कौतुकाने मूठ हलवली. तिने दुसरा काढला. काकांनी पुन्हा कौतुक केलं. बघता बघता फळ्यावर माशांना वळायला जागा उरली नाही.

"गुणी पोर! थांबतच नाही," काका खूश झाले.

खडू मात्र संपले. बाई फाटकापाशी एका आईशी बोलायला निघाल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "खडू सामानाच्या खोलीत आहेत. दाराला लावलेली वीट हलवू नका हं, कडी आपोआप पडते."

पण कुणा पोराला ठेच लागली तर? काकांनी वीट उचलून बाजूला ठेवली आणि आत गेले. धाडकन दार लागलं. बाहेरून कडी पडली.

"अरे, दार उघडा रे!" काका ओरडले. मग कपाळावर हात मारला. आपण ओरडतोय कुणाला?

त्यांनी दारावर थापा मारायला सुरुवात केली. जमीन थरथरली. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. ठेका! भराभर बाक सरकले आणि नाच सुरू झाला. काका घाबरून जोरात बडवू लागले, तसा नाच रंगला. काका दमले, तसा नाचही संथ झाला.

काकांनी फटीतून पाहिलं. "मी इथे कोंडलोय, आणि यांना नाच सुचतोय!"

तेवढ्यात बाई आल्या आणि वर्गाच्या दारातच थबकल्या. महिनाभर शिकवून न जमलेला ठेका आज सगळ्यांच्या पायांत बसला होता. त्यांनी भिंगरीला खुणेने विचारलं, "काका कुठे?" तिने जाऊन कडी काढली. आतून घामाघूम काका बाहेर आले.

"काका, मुलांनी तुमच्याकडे न बघता पायांवर लक्ष द्यावं, म्हणून आत बसलात होय? मला कसं सुचलं नाही हे! उद्यापासून याच तुम्ही."

खरं सांगायला काकांनी तोंड उघडलं आणि शहाण्यासारखं मिटलं. "हो ना... तेच म्हणतो मी."

मग सुटका करणाऱ्या भिंगरीकडे वळून त्यांनी अगदी मनापासून मूठ हलवली. अंगठा जागचा हलला नाही.

भिंगरीने समजून मान डोलावली. काकांना हलकेच आत ढकललं, दार ओढलं, कडी घातली आणि एक पाय उचलून ठेक्याची वाट पाहत उभी राहिली.