मल्लव्वाच्या होडीचा मोतीबिंदू

मल्लव्वाच्या हाताखालून गेलेली वस्तू लखलखल्याशिवाय राहत नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नसेल त्याला ती स्वतः सांगायची! चिंच, राख आणि नारळाची शेंडी एवढं हाताशी द्या, काळीठिक्कर कळशी ती अशी काढायची की नव्या नवरीनं तिच्यात बघून कुंकू लावावं. शाळा दुसरीपर्यंत झाली होती. पुढं मास्तरांकडं शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं, असं तिचं मत.

नवऱ्यामागं रंकाळ्यावरची होडी तिनंच चालवली. म्हणजे होडी चालवायचा जोतीराम, आणि काठावर खुर्ची टाकून जोतीरामला चालवायची मल्लव्वा. होडीवर मेणकापडाचं हूड होतं. हुडाला चारी अंगांनी खाली सोडायचे पडदे, आणि पडद्यांत प्लॅस्टिकच्या खिडक्या शिवलेल्या. जोतीराम मागं इंजिनापाशी बसायचा आणि या खिडक्यांतून आरपार बघत होडी हाकायचा. पण ऊन खाऊन खाऊन त्या खिडक्या आता पिवळट झाल्या होत्या. पलीकडं माणूस आहे की झाड, एवढंच कळायचं.

एरवी मल्लव्वानं तिकडं बघितलंही नसतं. पण लेक शिवलीलाला सातवा लागला, आणि डोहाळजेवण करायची पाळी माहेरची आली. गडहिंग्लजच्या विहीणबाई, निलव्वा, येणार होत्या. या बाई लग्नाच्या पंगतीत म्हणाल्या होत्या, "कोल्हापूरकरांचं सगळं बोलण्यातच मोठं!" ते वाक्य मल्लव्वानं दोन वर्षं पोटात जपून ठेवलं होतं.

"डोहाळजेवण होडीत!" तिनं जाहीर केलं. "बागेतलं कुणीबी करंल, झोपाळ्यातलं कुणीबी करंल. सोताच्या होडीतलं करायला सोताची होडी लागती! बघू दे गडहिंग्लजला, कोल्हापूर काय असतंय ते!"

रिक्षांची हुडं शिवणाऱ्या लालासाबला बोलावणं गेलं. त्यानं खिडकीवर बोट फिरवलं आणि डॉक्टरसारखी मान हलवली.

"आक्का, हिला मोतीबिंदू झालाय. औषध न्हाय. नवं प्लॅस्टिक घालायला लागंल. चार दिस द्या मला."

"बदलायचं काय म्हणून? घाण बसलीया. घासली की निघंल."

"आक्का, ते पितळ न्हाय."

"पितळ काय आन काय न्हाय ते मला शिकवतोस व्हय? तू शिवायचं बघ. घासायचं माझ्यावर सोड!"

आणि पदर खोचून मल्लव्वा बसली की हो! चिंच, राख, शेंडी. खर्र खर्र खर्र! अशा जोरानं घासलं की पलीकडच्या घाटावरच्या धुणंवाल्या बायका हात थांबवून बघू लागल्या. मग तिनं वरून तांब्याभर पाणी ओतलं, आणि काय सांगू! खिडकी भिंगासारखी स्वच्छ.

"बघ लालासाब! पल्याडची म्हस दिसतीया! शिंगासकट!"

"आक्का, वाळू तर द्या."

"जळतोस तू! जा, रिक्षा शिव!"

लालासाब गेला. मल्लव्वानं चहा घेतला. चहा संपेपर्यंत खिडकी वाळली आणि चुन्यानं सारवलेल्या भिंतीसारखी पांढरीफटक झाली! मघाशी माणूस की झाड एवढं तरी कळत होतं, आता दिवस आहे की रात्र याचाही अंदाजच करायचा.

जोतीराम हळूच म्हणाला, "आक्का, आधीच बरं दिसत हुतं."

"गप! डोकं चालीव जरा. वलं असलं की दिसतंय. म्हंजे हिला काय पायजे? वलावा! आन न वाळणारा वलावा कंचा?"

"कंचा?"

"त्याल!"

घरून शेंगतेलाची बरणी आली. चारी खिडक्यांना आतून-बाहेरून अंग रगडल्यासारखं तेल चोळलं. आणि खोटं कशाला बोला, खिडक्या खरंच आरशासारख्या झाल्या! मल्लव्वा घरी जाताना वाटेत भेटेल त्याला सांगत गेली.

हे झालं शनिवारी. रविवारी, ऐन डोहाळजेवणाच्या दिवशी, सकाळपासून ऊन तापलं. तेल ओघळलं, चिकट झालं. रस्त्यावरची धूळ येऊन बसली. धुळीवर रंकाळ्याची चिलटं येऊन बसली, आणि बसली ती उठलीच नाहीत. चारच्या सुमाराला खिडक्या तीळ लावलेल्या थालीपिठासारख्या दिसत होत्या!

आता पुसायला वेळ कुठला? विहीणबाई आठ बायका घेऊन काठावर हजर. इरकली लुगडं, नाकात नथ, आणि तोंडातून एक शब्द नाही.

जोतीरामनं मल्लव्वाला बाजूला घेतलं. "आक्का, फुडचं कायबी दिसंना. बाजूचं पडदे तरी वर बांधू."

"पोटुशीला वारं लागंल! खाली सोड आन बाहेरनं घट्ट बांध. बारा वर्सं झाली चालवतोस, अजून तळं पाठ न्हाय?"

जोतीरामनं शिवलीलाच्या पोटाकडं बघितलं. मग खिडकीकडं बघितलं. त्यानं बायकांना आत बसवलं, पडदे बाहेरून आवळले आणि इंजिन सुरू केलं. फट फट फट! होडी डुलायला लागली.

मल्लव्वाला चेव आला. चिलटांच्या थराकडं बोट करून ती म्हणाली, "ह्यो बघा, उजव्या अंगाला शालिनी पॅलेस! आन डावीकडं संध्यामठ!"

बायकांनी डावी-उजवीकडं माना फिरवल्या. विहीणबाई मात्र दोन्ही हातांनी बाकडं धरून नाकासमोर बघत बसल्या. 'दिपली!' मल्लव्वा मनात म्हणाली. गाणी झाली, ओटी भरून झाली. अर्धा तास गेला.

"आता आलो मधोमध," मल्लव्वा म्हणाली. "हितं पाणी असं हाय की हत्ती बुडंल!"

विहीणबाईंनी डोळे मिटले. लाडवाचं ताट पुढं आलं आणि एका बाईनं रीतीप्रमाणं विचारलं, "सांग बाई शिवलीला, कशाचे डोहाळे लागलेत?"

फुलांच्या वाडीत घामानं थबथबलेली शिवलीला म्हणाली, "बाहेर बघायचे."

"अगं, आत्ता दावलं की समदं!"

"तू सांगितलंस, अव्वा. मला कायबी दिसलं न्हाय!"

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. आणि विहीणबाई आल्यापासून पहिल्यांदा बोलल्या, "गर्भारशीचे डोहाळे पुरवायला पायजेत, विहीणबाई."

झालं! नाही म्हणावं तर रीत मोडते. हो म्हणावं तर खिडक्या आंधळ्या आहेत हे कबूल करायला लागतं. पडदे उचलावेत तर गाठी बाहेरून! मल्लव्वानं ताटातली फळं कापायची सुरी उचलली.

"आमच्यात अशीच पद्धत हाय," असं बजावून तिनं भस्सकन खिडकी तिन्ही बाजूंनी फाडली!

वाऱ्याची झुळूक आत आली. पाठोपाठ दिसली ती म्हैस. दोन हातांवर, निवांत रवंथ करणारी. एक माणूस तिची पाठ घासत होता. म्हशीमागं घाटाच्या पायऱ्या. पायऱ्यांवर पंधरा-वीस माणसं भेळ खात बसलेली, आणि अर्ध्या तासापासून ही इंजिन चालू असलेली, आत गाणी म्हणणारी होडी बघत होती. होडीपासून पायरीवरच्या लोखंडी कडीपर्यंत दोर ताठ बांधलेला होता!

"जोत्या!"

फाटक्या खिडकीत जोतीरामचं तोंड आलं. "आक्का, आत पोटुशी लेक आन होडी आंधळी. माझं धाडस न्हाय झालं. दोर सोडलाच न्हाय मी."

मल्लव्वाच्या तोंडचं पाणी पळालं. गडहिंग्लजात आता सात पिढ्या हसणार! तिनं चोरट्या नजरेनं विहीणबाईंकडं बघितलं. विहीणबाईंनी बाकडं सोडलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या दोराकडं बघून चक्क हात जोडत होत्या!

"अय्यो शिवा! बांधूनच हुती व्हय! विहीणबाई, मला पाण्याचं लई भ्या वाटतंय हो. आमच्यात मी हिरीच्या काठाला बी जात न्हाय. तुम्ही हत्ती म्हटलासा आन माझा जीव गेलाच हुता! सांगायची लाज वाटत हुती बघा."

मल्लव्वाला एक श्वास घ्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच लागला.

"मग? तुमच्याकडं बघून मला कळंना व्हय! तुमच्यासाठीच तर बांधून ठेवायला लावली. आमच्याकडं पावण्यांच्या जिवाला जपत्यात!"

जोतीरामनं काही सांगायला तोंड उघडलं. मल्लव्वानं खिडकीतून हात घालून त्यात अख्खा रव्याचा लाडू कोंबला.