कोटातली माया
मुलगी पाहून आल्याच्या चौथ्या दिवशी इंदुबाईंचे भाऊ हैबतराव, सोयरिकीतले मध्यस्थ, पेणहून रोह्याला आले, ओटीवर बसले आणि चहाची बशी तोंडाला लावत म्हणाले, "इंदू, सोयरीक जमली असं धरून चाल. मुलीच्या आईला पोरगा फक्त जरा किरकोळ वाटला."

इंदुबाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर त्यांच्या मुलाचं, निकेशचं, बरं झालं असतं. त्या उठल्या, आत गेल्या आणि फळीवरचे डबे खाली उतरवू लागल्या.

निकेश तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. धाटावच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता, सायकलवरून शिफ्टला जायचा. तो बारीक होता हे खरं. कंपनीनं दिलेल्या गणवेशात आणखी एक माणूस राहिला असता. पण वडखळजवळच्या त्या घरात पोह्यांची बशी घेऊन आलेली नमिता त्याच्याहून बारीक होती. दोघांनी एकमेकांकडे जेमतेम एकदा पाहिलं होतं. तेवढ्यात ती किंचित हसली होती, आणि ते हसू घेऊनच तो एसटीनं घरी आला होता.

लग्न एप्रिलच्या अखेरीचं ठरलं आणि इंदुबाई कामाला लागल्या. सकाळी डिंकाचा लाडू. डिंक तुपात फुलवलेला, त्यात खारकेची पूड, सुकं खोबरं, गोडंबी. दुपारच्या डब्यात नाचणीचे दोन. नाचणी मंद आचेवर भाजून, जात्यावर दळून, गुळाच्या पाकात वळलेली. संध्याकाळी अळिवाचा. अळीव नारळाच्या पाण्यात फुगवून, ओलं खोबरं आणि गूळ घालून घट्ट शिजवलेले. अख्ख्या आळीत तुपाचा आणि वेलचीचा वास असायचा आणि येणारा-जाणारा विचारायचा, "कोण बाळंत झालं हो?"

"आई, हे बाळंतिणीचं खाणं हाय," निकेश म्हणाला.

"तिला ताकद येते ना? मग तुला काय वाकडं व्हनार हाय?"

"अगो, पोरगा हाय तो, बैल नाय," निकेशचे वडील जनूभाऊ एकदा म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याही ताटात एक लाडू येऊ लागला. मग ते या विषयावर बोलले नाहीत.

निकेशनं सुटकेचा मार्ग शोधला. डब्यातले लाडू तो कंपनीत अमोलला देऊ लागला. अमोल त्याच्याच शिफ्टचा मित्र. पंधरा दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एका रविवारी अमोल घरी आला, इंदुबाईंच्या पाया पडला आणि मनापासून म्हणाला, "काकी, नाचणीचा लाडू खावा तर तुमच्या हातचा. माझी तर कंबरदुखी गेली."

त्या दिवसापासून लाडू डब्यात द्यायचे बंद झाले. इंदुबाई समोर बसून खायला घालू लागल्या.

इकडे कोटाचं काम कधीच पुढे गेलं होतं. पेणेत हैबतरावांच्या ओळखीचा कान्हू शिंपी होता. लग्नसराईत त्याच्याकडे इतकी गर्दी व्हायची, की एप्रिलच्या कोटाचं माप तो जानेवारीत घ्यायचा. माप घेताना निकेशनं छाती पुढे काढली तेव्हा तो म्हणाला होता, "फुगवू नका. मागून कोट लोंबतो आणि नाव माझं खराब होतं." मग त्यानं हाडाला हाड लावून माप घेतलं.

मार्चमध्ये निकेश ट्रायलला गेला. कान्हूनं त्याला कोट घातला, पुढची दोन्ही टोकं जवळ आणली, थांबला आणि चष्म्यावरून पाहत म्हणाला, "तुम्ही निकेशच ना? का मोठे भाऊ?"

"मीच."

"बरं. शिवनीत दोन बोटं माया, म्हणजे जादा कापड, ठेवलीय. उसवून देतो."

निकेशनं घरी येऊन आईला बजावलं, आता लाडू बंद. इंदुबाईंनी लगेच मान्य केलं. त्यांना मुलाच्या गालावरचं तेज पुरेसं वाटत होतं. पण लाडू बंद झाले आणि निकेशची पंचाईत झाली. अडीच महिन्यांत पोटाला सवय लागली होती. सकाळी नऊ वाजले की जीव कासावीस व्हायचा. वजन उतरवावं म्हणून तो कामावर पायी जाऊ लागला, तर भूक दुप्पट झाली. आठव्या दिवशी त्यानं स्वतःच डबा उघडला. इंदुबाई चुलीपाशी बसून पाहत होत्या. त्यांनी तोंड फिरवलं, म्हणजे त्याला लाज वाटायला नको.

लग्नाच्या दोन दिवस आधी तो कोट आणायला गेला. कोट खांद्यांवर चढला, पण पुढची बटणं वीतभर दूरच राहिली. कान्हूनं शिवण उलटी करून दाखवली.

"सगळी माया सोडली, बघा. आता धाग्याला धागा लागलाय. तुमच्या आईच्या मायेपुढे माझी माया नाय पुरली."

"मग आता काय करायचं?"

कान्हूनं विचार केला, कात्री घेतली आणि कोट पाठीवर मधोमध वरपासून खालपर्यंत उसवला. आत अस्तराचा तुकडा टाचला. पुढची बटणं लागली. मागून मात्र कोटाला दार असावं तसं दिसत होतं.

"पुढून राजा दिसताय," तो म्हणाला. "फक्त कोनाला पाठ दाखवू नका. आणि खाली बसू नका. बसलात तर पँटची खात्री मी देत नाय."

लग्नाच्या दिवशी हैबतराव निकेशच्या पाठीला चिकटून चालत मांडवात आले. लोकांना वाटलं, मामाला भाच्याचा केवढा जिव्हाळा. निकेश घामाघूम झाला होता. मुंडावळ्यांआडून त्याला एकच काळजी लागली होती. आपण बारीक असताना जिनं पसंत केलं, ती आता काय म्हणेल?

मंगलाष्टकं संपली. अंतरपाट दूर झाला. निकेशनं हार हातात घेऊन समोर पाहिलं आणि त्याचे डोळे मोठे झाले. समोर गोल चेहऱ्याची, भरल्या अंगाची मुलगी उभी होती. तीही त्याच्याकडे तशीच डोळे मोठे करून पाहत होती.

"तुम्ही निकेशच ना?" तिनं ओठ न हलवता विचारलं.

"व्हय. तुम्ही नमिता?"

तिनं मान हलवली. मग ती पोह्यांच्या दिवशीसारखीच किंचित हसली आणि त्याला खात्री पटली.

"बसा आता," भटजी म्हणाले.

दोघंही उभेच.

"अहो, बसून घ्या."

"तुम्ही का बसत नाय?" नमितानं हळूच विचारलं.

"शिवण."

"माझी पन," ती म्हणाली. "बाहीची. बसताना हात टेकला की गेली."

"डिंकाचे?"

"डिंकाचे, नाचणीचे आणि वर मेथीचे. तुमच्या आई म्हनाल्या म्हनं, मुलगी किरकोळ हाय."

हे जरा मोठ्यानं बोललं गेलं. शेजारी उभ्या इंदुबाईंनी ऐकलं आणि त्या नमिताच्या आईकडे वळल्या. "विहीणबाई, मी असं कवा म्हनले? तुम्हीच म्हनालात ना, पोरगा किरकोळ हाय?"

"मी? देवाशपथ नाय. मला तर हैबतरावांनी सांगितलं का तुम्ही..."

दोघींनी एकदमच निकेशच्या मागे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. हैबतराव पहिल्या पंगतीला जाऊन बसले होते. पुढे त्यांनी कबूल केलं, की मध्यस्थानं दोन्हीकडे काहीतरी बोलून दाखवावं लागतं, नाहीतर त्याला कोणी विचारत नाही. त्या दिवशी मात्र निकेशची पाठ उघडी पडली होती. नमिताच्या आईनं ती पाहिली आणि आपली शाल त्याच्या खांद्यांवर घातली. मग भटजींनी बसायचे विधी जमतील तसे उभ्यानं उरकले.

शेवटी फोटोवाला आला. "रोलमध्ये दोनच फोटो उरलेत," तो म्हणाला. "जरा हसा."

"हसलो तर बटन जाईल," निकेश दातांतून म्हणाला.

त्यावर नमिताला हसू आवरेना. तिनं खांदे आत ओढले, मान खाली घातली, पदर तोंडाला लावला. तेवढ्यात दंडापाशी काहीतरी टर्रकन फाटलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणीच आलं. त्याच क्षणी फ्लॅश उडाला.

दुसरा फोटो आलाच नाही, रोल आधीच संपला होता. त्यामुळे त्या लग्नाचा तेवढा एकच जोडफोटो रोह्याच्या घरी भिंतीवर लागला. त्यात निकेश कुणीतरी दम दिल्यासारखा ताठ उभा आहे आणि नमिता पदरात तोंड लपवून हुंदके देते आहे. नवीन पाहुणा आला की त्याची नजर तिथे जायचीच. मग इंदुबाई पदरानं काच पुसत सांगायच्या, "माहेर सोडताना लई रडली हो आमची सून. फार हळवी हाय."

आणि स्वयंपाकघरात नाचणी भाजणारी नमिता पुन्हा पदर तोंडाला लावायची.